वरच्या कुंडीतले खेकडे

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. काय झालं होतं म्हणून कोणी विचारलं की मी कावीळ सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पुरतं खरं एकदा लिहून ठेवावं म्हणून बसलोय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, तेव्हा लिहिताना इकडचं तिकडं होईल.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. वरून रस्ता जातो, खाली घरं, घरांच्या खाली झरा, झऱ्याच्या खाली भाताची शेतं. वरकस जमिनीत नाचणी, वरी. म्हशी प्रत्येकाच्या दारात. मी ग्रामपंचायतीत शिपाई होतो. अक्षर बरं होतं म्हणून लागलो. झेंडा चढवायचा, नोटीस फिरवायची, पाणी सोडायचं, ग्रामसेवक येतील तेव्हा चहा करायचा. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. मीही म्हणायचो, जरी तो माझ्या लेकीपेक्षा वयानं लहान होता.

नळाची योजना नव्वदच्या पुढं झाली. ओढ्याकाठी विहीर, पंप, शाळेच्या मागं टाकी. पण लाईट कधी असायची कधी नसायची, आणि विहीर शिमग्यापर्यंत तळाला जायची. त्यामुळं नळ दारात असून गाव झऱ्याचंच पाणी प्यायचं.

झऱ्याला तीन कुंड्या आहेत, दगडात कोरलेल्या. कोणी कोरल्या माहीत नाही. वरच्या कुंडीतलं पाणी प्यायचं. ती भरून वाहिली की मधल्या कुंडीत, तिथं गुरं. तिथून खालच्या कुंडीत, तिथं धुणं. वरच्या कुंडीपाशी चप्पल घालून कोणी जायचं नाही. हंडा आधी बाहेर घासून घ्यायचा, मग बुडवायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण नवी नवरी आली की पहिल्या दिवशी सासू तिला घेऊन जायची नि हे सगळं दाखवायची. माझ्या आईनं माझ्या बायकोला दाखवलं.

आणि एक दाखवलं. वरच्या कुंडीत खेकडे असायचे. बारीक, मातीच्या रंगाचे, अंगठ्याच्या नखाएवढे ते फार तर बचकेत मावेल एवढे. पावसाळ्यात आमच्याकडं लहानथोर सगळे टोपल्या घेऊन खेकड्यांच्या मागं, कालवण करून खातात. पण वरच्या कुंडीतल्या खेकड्याला हात लावायचा नाही. पाऊस लागायच्या आधी घरटी एक बाई जमून झरा उपसायची, तेव्हा ते खेकडे आधी निवडून पाण्यासकट एका मडक्यात ठेवायचे. गाळ काढून झाला, कुंडी परत भरली, की मडकं आत सोडायचं.

बायको रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जायची. हंडा बुडवायच्या आधी कडेला उकिडवी बसून राहायची. दगडाच्या फटीतून एखादा डोळे काढून बाहेर यायचा. तो दिसला की ओंजळभर पाणी आधी स्वतः प्यायची नि मग हंडा भरायची. घरी येऊन मला सांगायची, "खेकडं हायती. पानी बरं हाय."

"तुला ते गुड मॉर्निंग करतात वाटतं," मी म्हणायचो.

"तुमच्यापेक्षा बरं. उठलेलं तरी असतात."

असं आमचं चालायचं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. सरकारचं स्वच्छतेचं अभियान आलं. गावागावात चुरस लावली होती. तालुक्याची समिती येणार, मग जिल्ह्याची, मग बक्षीस, मग गावाच्या वेशीवर कमान. भाऊसाहेबांनी पोलादपूरहून कागदांचा गठ्ठा आणला. गावाचा पर्यावरण आराखडा करायचा होता. शौचालयाचं रजिस्टर, कचऱ्याचं, झाडांचं, सांडपाण्याचं, पाणी शुद्धीकरणाचं. एवढी रजिस्टरं बघून मी म्हटलं, "भाऊसाहेब, गाव केवढं नि वह्या केवढ्या."

ते म्हणाले, "काका, जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही असं धरतात. लिहा म्हणजे झालं."

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडं चार गावं होती नि वरून रोज फोन. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी ते उलटं घेतलं, लिहिलं की झालंच असं धरलं.

पाण्याचं रजिस्टर माझ्याकडं आलं. त्याबरोबर ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आल्या. आम्ही तिला टीसीएल म्हणायचो. रोज सकाळी मापानं पावडर बादलीत कालवायची, निवळी टाकीत टाकायची नि झऱ्याच्या वरच्या कुंडीत टाकायची. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन बाटलीतल्या औषधाचा थेंब सोडायचा. पाणी पिवळं झालं की टेस्ट बरोबर. मग रजिस्टरात तारीख, वेळ, पावडर टाकली, टेस्ट पिवळी, पाणी पिण्यास योग्य, सही.

महिनाभर मी इमानदारीनं टाकली. झऱ्यात अगदी थोडी, खेकडे आहेत म्हणून. तरी बायका कुरकुर करायला लागल्या. चहाला वास येतो, डाळ शिजत नाही, म्हस बादलीत तोंड घालत नाही. माझी बायको सगळ्यांत पुढं.

"अवो, त्या झऱ्यात कशाला घालता? नळाच्या टाकीत घाला, काय घालायची ती."

"सरकारचा नियम हाय."

"खेकडं कपारीत जाऊन बसल्यात. भायेर येत नायत. सरकारला सांगा."

मग मी झऱ्यात टाकायचं बंद केलं. झऱ्यात बंद केलं तर टाकीत तरी कशाला, पाणी तर चढतच नव्हतं, म्हणून तिथंही बंद केलं. पण रजिस्टर चालू ठेवलं. रोज संध्याकाळी पंचायतीत दिवा लावताना एक ओळ लिहायची. कधी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन. पावडर टाकली, टेस्ट पिवळी, पाणी पिण्यास योग्य. हात आपोआप चालायचा. गोण्या शाळेच्या मागच्या खोलीत तशाच पडून. बायकोला एवढंच माहीत की मी टाकायचं थांबवलं. ती खूश होती. खेकडे परत कपारीतून बाहेर यायला लागले होते.

मग संडासांची गोष्ट निघाली. मारुतीच्या देवळात सभा झाली. सरपंच आमच्या भावकीतला, माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणायचा. तो उभा राहिला नि म्हणाला, "घरटी एक संडास झालाच पायजे. आणि बांधायचा वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, एका रांगेत. समिती जीपनं येणार. खाली वाडीत उतरतील न उतरतील. जीपमधनं बसल्या बसल्या दिसलं पायजे."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. घराजवळ संडास कोणालाच नको होता, देवघर तिकडं नि हे इकडं, बरं नाही वाटत. वर रस्त्याला बांधला की घरापासून लांब, नि साहेबाला जवळ. दोन्ही कामं झाली.

बायका मागं बसल्या होत्या. माझी उभी राहिली. पदर सारखा केला नि म्हणाली, "भावोजी, वर खड्डं घेतलंव तर त्यातलं जाईल कुटं? खाली झराच हाय ना?"

"वहिनी, सिमिटाच्या कड्या टाकणार हाय. पक्कं काम."

"त्या कड्यांना बूड असतं का?"

सरपंचानं भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, "बूड नसतं. ते पाणी मुरायलाच पाहिजे. पण झऱ्यापासून किती अंतर ठेवायचं ते कागदात दिलंय. आपलं त्यापेक्षा लांब आहे. मी स्वतः टेप लावलाय."

खरं होतं ते. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. कागदात किती लांब ते लिहिलं होतं, वर की खाली ते लिहिलं नव्हतं. आणि आमचा कातळ फटीफटीचा. पावसात एका फटीत पाणी शिरतं नि दुसऱ्या फटीतून निघतं, हे गुरामागच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

बायको बसेना. "लांब आसंल. पन वर हाय."

सरपंच हसला. "काय रे दादा, वहिनीला इंजिनेर केलीस काय? उद्या तिलाच पाठव टेप घेऊन."

देवळात हशा झाला. मी पण हसलो. आणि वर तिला म्हटलं, "गप बस गो. तुला काय कळतंय त्यातलं."

ती बसली. गावात पहिला खड्डा मीच खणला, शिपायानं आधी केलं की गाव करतं म्हणून. खालचा दगड फोडताना पहारीचा आवाज पोकळ येत होता. येत होता तर येत होता.

तालुक्याची समिती मे महिन्यात यायची ठरली. सगळं गाव रंगवलं. गेरू, चुना, भिंतींवर पाण्याच्या नि झाडांच्या घोषणा, त्यातली एक माझ्या घरावर. शेणकीचे उकिरडे झाकले. आदल्या दिवशी सकाळी भाऊसाहेब रजिस्टरं तपासायला बसले नि पाण्याच्या वहीवर अडकले.

"काका, यात रोजची पावडर लिहिलीय. मग एवढ्या गोण्या शिल्लक कशा?"

मी खिडकीतून शाळेकडं बघितलं.

"टाकलीच नाही?"

"बायकांना वास येतो."

भाऊसाहेबांनी डोक्याला हात लावला. "उद्या ते स्टॉक बघणार. वहीत संपलेली नि खोलीत भरलेली. माझी नोकरी जाईल, काका. तुमचीही."

"वही बदलायची का?"

"सह्या आहेत सगळ्या, वरच्या साहेबांच्या पण. वही कशी बदलणार?" मग थोडा विचार करून म्हणाले, "पावडर संपवा. पाण्यातच टाकायची होती ना? पाण्यातच टाका."

विहीर आटलेली, टाकी कोरडी. पाणी गावात एकाच ठिकाणी होतं. बायको त्या दिवशी रानात आंब्या-करवंदांना गेली होती, बायका सगळ्या गेल्या होत्या. भर दुपारी मी दोन गोण्या डोक्यावरून आणल्या. तोंडाला फडकं बांधलं. आधी थोडी टाकली, मग वाटलं आता थोडं काय नि फार काय. पांढरा धूर उठला. डोळ्यांतून पाणी काढत मी गोण्या झटकल्या, घडी घातली नि पंचायतीत आणून ठेवल्या, रिकाम्या गोण्या पण दाखवायच्या होत्या. आपण काय करतोय हे मला कळत होतं. एक दिवसाचा प्रश्न आहे, झरा वाहता आहे, धुऊन जाईल, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी टोपी घालून ओट्यावर बसलो होतो. बायको झऱ्यावरून आली. डोक्यावर हंडा नव्हता. हातात टोपली. टोपली तिनं माझ्या पायापाशी ठेवली. आत खेकडे. उलटे पडलेले, पाय आखडलेले, मातीचा रंग जाऊन पांढरे फटफटीत, जसे उकडून सोललेले. एकदम बारीकही होते. पोटाला पिल्लं धरलेली एक मादी होती, तिची पिल्लं पण.

"ही बगा तुमची टेस्ट," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून जीपचा हॉर्न वाजला नि मी पळालो.

समिती खाली वाडीत उतरली. सरपंचाचा हिशेब चुकला. एक साहेब थेट झऱ्यावर आले. नळीत पाणी घेतलं, थेंब सोडला. पिवळं नाही झालं, लाल भडक झालं. साहेबांनी नळी उजेडात धरली.

"जरा जास्तच टाकता," ते म्हणाले.

भाऊसाहेब म्हणाले, "पावसाळा तोंडावर आहे सर. काळजी घेतो."

"चांगलंय. न टाकण्यापेक्षा बरं." असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी टिक केलं. आम्ही तालुक्यात पहिले आलो.

आठ दिवस बायकोनं झरा उपसला. एकटीनं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुमचा हात नको." खालच्या ओढ्यातून मडक्यात खेकडे आणून सोडले. दोनदा आणले. ते एक दिवस राहायचे नि निघून खाली जायचे. तिला वाटायचं पाऊस लागला की येतील.

पाऊस लागला. खेकडे आले नाहीत. आणि पावसात सगळं गाव वरच्या संडासात जायला लागलं. एरवी कोणी जात नव्हतं, पाणी कोण नेणार वर? पण मुसळधारेत, जळवांत, रानात कोण बसणार? पाणी आभाळातून येतच होतं. पहिल्यांदाच सगळे संडास वापरात आले. भाऊसाहेबांनी फोटो काढले. गोण्या रिकाम्या होत्या, तरी वहीतली माझी रोजची ओळ चालूच होती.

सकाळी ती नेहमीसारखी जायची. कुंडीपाशी बसायची. मग उठायची, ओंजळभर पाणी प्यायची. एकदा मी मागं गेलो होतो. शेजारची एक बाई हंडा घेऊन खोळंबली होती. तिनं विचारलं, "काय बगताव काकी? खेकडं तर नायत."

बायको हसली. "नायत तर नायत. मी हाय ना. मी पिऊन बगते आधी. चव बरी लागली तर सांगते, मग भर."

बायकांना तिनं सांगितलं होतं, उकळून प्या, पोरांना तर उकळूनच द्या. घरात मला उकळलेलं द्यायची. स्वतः मात्र रोज ती ओंजळ कच्ची. मी म्हटलं, "तू कशाला पितेस?" तर म्हणाली, "कोनीतरी बगायला नको?"

मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

श्रावणात तिला ताप आला. मग अन्नाचा वास नको झाला. मग डोळे पिवळे. दोन कोसांवर एक म्हातारा काविळीची मुळी द्यायचा, ती आणली. आठवडा गेला. ती शुद्धीत होती पण उठवत नव्हतं. तोपर्यंत आणखी तीन घरांत डोळे पिवळे झाले होते. वरच्या रस्त्यावर दरड आलेली. चौघांनी डोली करून तिला खाली आणलं, मग जीपनं पोलादपूर, तिथून त्यांनी महाडला पाठवलं.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर शांत माणूस होता. तिला तपासलं, पोट दाबून बघितलं, मग माझ्याकडं वळला.

"पाणी कुठलं पिता?"

"झऱ्याचं."

"त्याच्यात पावडर टाकतात का?"

"टाकतो. मीच टाकतो. पंचायतीत हाय मी. रोज टाकतो, टेस्ट करतो."

"गावात आणखी कोणाला आहे कावीळ?"

"नाय," मी म्हटलं.

का म्हटलं? अजून विचारतो स्वतःला. जिल्ह्याची समिती यायची होती. गावात साथ निघाली म्हटलं तर वरून माणसं आली असती, वही बघितली असती. पण ते सगळं मी त्या वेळी मोजून बोललो नाही. तोंडातून आपसूक आलं, जसं रोज संध्याकाळी हातातून यायचं. डॉक्टर म्हणाला, "मग दुसरं काही असेल, बघू." आणि गेला.

बायको जागी होती. पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती. मला तिथं बसवेना. बाहेर पडलो नि चालत चालत चवदार तळ्यापाशी आलो. मार्चात तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी कोणी नव्हतं, नुसता पाऊस पाण्यावर पडत होता. कडेला आडोशाला बसून लेकीनं दासगावहून पाठवलेली भाकरी सोडली. इथलं ओंजळभर पाणी प्यायला मिळावं म्हणून माणसांनी डोकी फोडून घेतली, एवढं मलाही माहीत आहे. आमच्या झऱ्यावर आम्हाला कोणी अडवलेलं नव्हतं. भाकरी तशीच परत बांधली.

परत आलो तर ती म्हणाली, "डाक्टराला खोटं सांगितलंव."

"व्हय."

"वहीत पन असंच लिवत होता? टाकायचं बंद केलंव तरी?"

"व्हय."

ती पडून राहिली. मला वाटलं झोपली. मग हळू बोलली, "मी सांगितलं म्हनून टाकायचं बंद केलंव. तवाच लिवायचं पन बंद करायचं होतं. लिवलं नसतंव तर गोन्या रिकाम्या करायची पाळी आली नसती. खेकडं ऱ्हायलं असतं."

"चुकलं माझं."

"आता मला काय सांगताव. त्या डाक्टराला सांगा. घराघरात लोक पितायत."

मी म्हटलं, सकाळी सांगतो. सकाळी ती बोलायची बंद झाली होती. बरळायला लागली, हात झटकायला लागली. डॉक्टर म्हणाला, कावीळ डोक्यात गेली. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, गोण्या, संडास, तीन घरं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. तो नुसता म्हणाला, "काल सांगायला हवं होतं," आणि फोन करायला गेला. दोन दिवसांनी आरोग्याची माणसं गावात आली, आजारी माणसांना औषधं दिली. त्या तीन घरांतली सगळी वाचली. बायको त्याआधीच, दुपारच्या वेळी गेली. माझा हात तिच्या हातात होता, पण तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

दहाव्यानंतर मी पंचायतीत गेलो. पाण्याच्या वहीत एकोणीस दिवस कोरे होते. भाऊसाहेबांनी माझ्यासमोर वही उघडी ठेवली. त्यांचे डोळे पण लाल होते, माणूस वाईट नव्हता म्हटलं ना.

"काका, वाईट वाटतं सांगायला. जिल्ह्याची समिती येतेय. एवढे दिवस भरून टाका."

"ते दिवस मी इथं नव्हतो."

"माहीत आहे. पण कोरं ठेवून कसं चालेल?"

मी पेन घेतलं. तिचं सगळं दुखणं त्या एकोणीस ओळींत होतं. मुळी आणायला गेलो तो दिवस, डोली केली तो दिवस, डॉक्टरला खोटं बोललो तो दिवस, जाळलं तो दिवस. प्रत्येकापुढं मला पाणी पिण्यास योग्य असं लिहायचं होतं. मी लिहायला लागलो. पावडर टाकली नाही. टेस्ट केली नाही. पाणी पिण्यास योग्य नाही. पावडर टाकली नाही. टेस्ट केली नाही. पाणी पिण्यास योग्य नाही. एकोणीस वेळा. मग पानं मागं उलटून, पहिला खरा महिना सोडून, पुढच्या माझ्या प्रत्येक सहीवर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, हे खोटं आहे, मी लिहिलं. आणि सही केली.

भाऊसाहेबांनी वाचलं. मग कपाटातून नवी वही काढली नि वरच्या साहेबांच्या सह्यांची जागा सोडत स्वतः पहिल्या पानापासून लिहायला बसले. जुनी माझ्याकडं सरकवली.

"ही घरी न्या, काका. आणि उद्यापासून येऊ नका. मी दुसरा माणूस बघतो."

समिती आली त्या दिवशी मी वर रस्त्याला माझा संडास पाडत होतो. पहारीनं. जीप पलीकडून गेली. सरपंच धावत आला.

"दादा, आज? आजच? उद्या पाड ना!"

"तुझ्या वहिनीनं विचारलं होतं, बूड हाय का. बघायला ये."

तो आला नाही. उभा राहिला जरा, मग जीपच्या मागं गेला. गावाला बक्षीस मिळालं. वेशीवर कमान झाली. नंतर दोन घरांनी आपले खड्डे खालच्या अंगाला नेले, ज्यांच्याकडं कावीळ होऊन गेली होती त्यांनी. बाकीचे तिथंच आहेत. झऱ्याचं पाणी आता कोणी पीत नाही. नळाला पाणी आलं नाही तर खालून टँकर मागवतात. वरच्या कुंडीत गोधड्या धुतात, चप्पल घालून उभे राहतात. मी काही बोलत नाही. माझं तोंड नाही बोलायला.

मी मात्र पाऊस लागायच्या आधी ती कुंडी उपसतो. एकटाच. रोज सकाळी कडेला जाऊन बसतो. उकिडवं बसवत नाही आता, दगडावर बसतो. घरी आलो की जुन्या वहीत एक ओळ लिहितो. ती वही भरली, मग लेकीनं दुसरी आणून दिली, आता तिसरी चालू आहे. तिला वाटतं बाप हरिनाम लिहितो.

तारीख लिहितो आणि पुढं, खेकडे नाय. दुसऱ्या दिवशी, खेकडे नाय. परवा मधल्या कुंडीत एक दिसला, करंगळीच्या नखाएवढा. वर चढेल म्हणून उन्हं येईपर्यंत बसलो. चढला नाही. घरी येऊन लिहिलं, मधल्या कुंडीत एक. वरच्या कुंडीत नाय.